बार उचलला, पट निघाला का?

आमच्या तालुक्याच्या गावी पोलिस भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी आहे. पत्र्याची शेड, मागे मुरमाचं मैदान, पुढे रबरी मॅट टाकलेली जिम. आत शिरलं की समोर पांढरा फळा दिसतो. त्यावर पोरांची नावं आणि पुढे तीन रकाने : स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून छातीवरून वजन ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं). मागच्या हिवाळ्यात तिथल्या मुलांना गोळाफेक दाखवायला मी आठवड्यातून दोनदा जात होतो. एक मुलगा फळ्यावर सगळ्यात वर होता. चार महिन्यांत त्याचा स्क्वॉट 80 किलोवरून 130 वर गेलेला. टी-शर्टच्या बाह्या दंडाला घट्ट बसायला लागल्या होत्या, चालण्यात ऐट आली होती. मैदानावर गोळा मात्र जुन्या खुणेच्या आसपासच पडत होता, फार तर वीतभर पुढे. 1600 मीटरला तो आधीपेक्षा दहा-अकरा सेकंद उशिरा पोचत होता, कारण अंगावर सहा किलो चढले होते. मुलाला वाटत होतं, आपलं तंत्र चुकतंय. जिमच्या सरांना वाटत होतं, ताकद अजून कमी पडतेय. त्याच्या गोळ्याला स्क्वॉटची खबरच नव्हती, असं मला वाटत होतं.

महाराष्ट्र पोलिस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. स्क्वॉटला शून्य. हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. तरी फळ्यावर स्क्वॉटच होता, कारण तो आकडा दर आठवड्याला वाढतो आणि गोळ्याचा वाढत नाही. वाढणारा आकडा सगळ्यांना हवा असतो. मुलाला हवा असतो, फी भरणाऱ्या बापाला हवा असतो, आणि प्रोटीनचा डबा विकणाऱ्याला तर हवाच हवा.

जिमच्या विरोधात मी नाही. मला भांडायचंय ते ताकदीचा हिशोब कुठे लावायचा यावरून. तो मैदानावर लागला पाहिजे, फीतपट्टीने आणि स्टॉपवॉचने. त्यासाठी जिमची चावी मैदानावर उभ्या असणाऱ्या माणसाच्या हातात हवी. आज ती तशी नाही. तालमीत वस्ताद वेगळा आणि संध्याकाळच्या जिममधला ट्रेनर वेगळा. कबड्डीचा कोच वेगळा, फिटनेसवाला वेगळा. एकाच पोराच्या अंगावर दोघं काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

आधी दोन्हीकडच्या भाबड्या समजुती बाजूला काढू. जुने वस्ताद म्हणतात, वजनं मारली की अंग आखडतं, पैलवान लाकडासारखा होतो. हे खरं नाही. सांध्याची पूर्ण हालचाल करून वजन उचललं तर लवचीकता जात नाही, उलट वाढतेसुद्धा. लांब पल्ल्याच्या धावपटूंनी जड वजनांचा मोजका व्यायाम केला तर त्याच वेगाला त्यांना कमी प्राणवायू लागतो, आणि त्यासाठी अंगावर मांस चढावं लागत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूचं घ्या. गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे दाबून धरलेले असताना, हळूहळू पुढे झुकायचा एक साधा व्यायाम आहे. नियमित केला तर खेळाडूंमध्ये त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. यंत्र लागत नाही, जोडीदार लागतो. तेव्हा ताकद ही चैन आहे, असं कुणी म्हणू नये.

दुसऱ्या बाजूची समजूत जास्त महागात पडते : ताकद वाढली की खेळ आपोआप सुधारतो. ही समजूत टिकून राहते, कारण नवख्याच्या बाबतीत ती खरी ठरते. ज्या सोळा वर्षांच्या पोराने कधी बारला, म्हणजे वजनं अडकवायच्या लोखंडी दांड्याला, हात लावलेला नाही, त्याला काहीही करायला लावा. बैठका, स्क्वॉट, पोती उचलणं, काहीही. तो जोरात पळायला लागेल, उंच उडायला लागेल. पहिल्या सहा महिन्यांत सगळंच लागू पडतं, आणि त्या सहा महिन्यांच्या जोरावर ट्रेनरचं नाव होतं. पुढे दरवाजा अरुंद होत जातो. कालपर्यंत स्क्वॉटबरोबर उडी वाढत होती, आता स्क्वॉट वाढतो आणि उडी जागच्या जागी राहते. पोराला वाटतं, आपण कमी पडतोय. मग तो आणखी स्क्वॉट मारतो.

असं का होतं, याचं पहिलं उत्तर वेळेत आहे. भरधाव पळणाऱ्याचं पाऊल जमिनीवर सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकंच टेकतं. गोळा फेकताना पुढचा पाय टेकल्यापासून हातातून गोळा सुटेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. आणि स्नायूला स्वतःचा पुरता जोर उभा करायला त्याहून जास्त वेळ लागतो. जास्तीत जास्त वजनाचा स्क्वॉट खालून वर यायला दोन-तीन सेकंद घेतो. म्हणजे पोरगं जिममध्ये सावकाश पूर्ण जोर लावायला शिकतं आणि मैदान त्याच्याकडे मागतं तो झटक्यात लागणारा अर्धा जोर. बँकेत पैसे आहेत, पण एटीएमच्या दारात उभं राहायला दहावा हिस्सा सेकंद मिळतोय. खात्यात आणखी पैसे भरून काय उपयोग? पैसे लवकर बाहेर काढता आले पाहिजेत. म्हणून एका टप्प्यानंतर वजन वाढवण्यापेक्षा तेच वजन झटक्यात उचलणं, उड्या, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) फेकणं, कमी-जास्त वजनाचे गोळे फेकणं यांना जास्त किंमत येते.

दुसरं उत्तर दिशेत आणि कोनात आहे. कबड्डीतला चढाईपटू पहा. कोपरारक्षकाने घोटा धरलाय, एक पाय अडकलाय, दुसरा वाकलेला आहे, अंग आडवं कललंय आणि मध्यरेषा हातभर लांब आहे. त्या क्षणी त्याला एका पायाने, आडव्या दिशेने, खोल वाकलेल्या गुडघ्यातून ढकलायचंय, मागे लोंबकळणाऱ्या 80 किलोच्या माणसासकट. दोन्ही पाय समान ठेवून, सरळ वर, आरशात बघत केलेल्या स्क्वॉटचा याच्याशी संबंध आहे, पण दूरच्या नात्यातला. कुस्तीत तर आणखी गंमत. डेडलिफ्टचा बार सरळ वर येतो, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने. एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला, गेलेल्या पैलवानाच्या हातात जो पाय येतो, तो उडी मारतो, मागे सरकतो, वरून छातीचा भार टाकतो. बार दगा देत नाही. समोरचा देतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. 1994 साली बॉबर्ट आणि व्हॅन सूस्ट या डच संशोधकांनी संगणकावर उभ्या उडीचं एक प्रारूप केलं. हाडं, सांधे, स्नायू आणि कोणता स्नायू केव्हा चालू करायचा याचं वेळापत्रक. मग त्यांनी स्नायू जास्त ताकदवान केले आणि वेळापत्रक जुनंच ठेवलं. उडी वाढायच्या ऐवजी कमी झाली. वेळापत्रक नव्या ताकदीला जुळवून घेतल्यावर ती वाढली. अर्थ सरळ आहे. मेंदूने जुन्या अंगासाठी बसवलेली लय नव्या अंगाला बसत नाही. ताकद वाढवायच्या काळातच खेळाचा सराव चालू पाहिजे, आणि नंतर काही आठवडे नवं अंग वापरायला शिकण्यासाठी मोकळे ठेवले पाहिजेत. आपल्याकडे नेमकं उलट होतं. ‘ऑफ सीझन’ म्हणून तीन महिने फक्त जिम, मैदान बंद. मग स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस घाईघाईने मैदान. पोरगं पहिल्या सामन्यात परक्याच्या अंगात शिरल्यासारखं खेळतं. प्रेक्षक म्हणतात, फॉर्म गेला.

हे सगळं मोठ्या पातळीवर ज्याने आयुष्यभर तपासलं, तो माणूस स्वतः ऑलिम्पिक विजेता होता. अनातोली बोंदार्चुक. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हातोडाफेकीचं सुवर्ण त्याने घेतलं आणि नंतर युरी सेदिखला घडवलं. सेदिखने 1986 साली स्टुटगार्टला 86.74 मीटर हातोडा फेकला, तो विक्रम आजही उभा आहे. हातोड्याचं वजन 7.26 किलो, म्हणजे भरतीतल्या मुलांच्या गोळ्याइतकंच. बोंदार्चुकचं निरीक्षण असं, की नवख्या फेकपटूंमध्ये बारवरच्या वजनाचा आणि फेकीचा संबंध ठळक दिसतो, आणि पातळी चढत जाते तसा तो विरळ होत जातो. वरच्या पातळीवर फेक वाढते ती मुख्यतः थोड्या जड आणि थोड्या हलक्या हातोड्यांनी फेकण्याच्या सरावातून. जिम त्याने बंद केली नाही, पण तिला पंगतीत मानाच्या पाटावरून उठवून कडेच्या पाटावर बसवलं.

यावर हुशार मंडळी एक पळवाट काढतात. संबंध तुटतो ना, मग जिममध्येच खेळासारखी हालचाल करू! रील्समध्ये हा प्रकार उदंड आहे. हातात डंबेल घेऊन गोलंदाजीची अ‍ॅक्शन, हवेच्या अर्ध्या चेंडूवर उभं राहून स्क्वॉट, कमरेला रबर बांधून चढाई. डोळ्यांना हे खेळासारखं दिसतं, म्हणून ते खेळाला लागू पडेल असं वाटतं. पण डंबेलचं वजन खाली ओढतं, पुढे नाही. डंबेल धरून ठोसा मारणाऱ्याच्या खांद्याला कसरत होते ती हात वर धरून ठेवण्याची, ठोशाची नव्हे. आणि डुगडुगत्या चेंडूवर उभं राहून कुणी मोठा जोर लावू शकत नाही, कारण सगळं लक्ष न पडण्यात जातं. वरून दिसणारं साम्य आणि आतून असलेलं साम्य यांत फरक आहे. जोर कुठल्या दिशेला, कुठल्या कोनात, किती वेळात आणि आखडणाऱ्या स्नायूतून की ताणल्या जाणाऱ्या, हे जुळलं पाहिजे. मग व्यायाम खेळासारखा दिसला नाही तरी चालतो.

भालाफेकीचं उदाहरण पहा. भाला 800 ग्रॅमचा. तो फेकायला जड स्क्वॉट कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. नीरज चोप्राने 7 ऑगस्ट 2021 ला टोकियोत 87.58 मीटर फेकला, त्या फेकीत डावा पाय पहा, हात नंतर. धावत आलेलं सगळं अंग तो पाय ताठ राहून एका क्षणात अडवतो. वेग पायात अडतो म्हणून वर खांद्यात आणि हातात जातो. त्या पायावर देहभाराच्या कितीतरी पट आघात येतो. तो गुडघा वाकला, तर धावण्याची कमाई तिथेच सांडते. तेव्हा भालाफेक्याला ताकद लागते, पण अडवणारी, ताठ पायातली, क्षणभराची. हे ज्याला दिसतं त्याला जिममध्ये काय करायचं ते कळतं. ज्याला फक्त भाल्याचं वजन दिसतं, तो खांद्याची मशीन लावतो. टोकियोत नीरजचे प्रशिक्षक असलेले क्लाउस बार्टोनिएट्झ हे मुळात शरीराच्या यांत्रिकीचे, बायोमेकॅनिक्सचे अभ्यासक होते, हा योगायोग नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मल्लखांब हे त्याचंच मराठी उत्तर होतं. परंपरा सांगते की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो घडवला किंवा पुन्हा उभा केला, आणि हेतू नावातच आहे : मल्लासाठी खांब. एरंडेल चोपडलेल्या गुळगुळीत लाकडाला मांड्यांची आणि बगलेची पकड बसवायची, उलटं-सुलटं होऊन अंगाची दिशा हरवू द्यायची नाही. कुस्तीत लागणारी पकड आणि लवचीकता, समोर माणूस नसतानाही. विचार किती नेमका! पुढे मल्लखांब स्वतःच खेळ झाला, त्याच्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, आणि आज मल्लखांबपटू कुस्ती खेळत नाही, पैलवान खांबाला हात लावत नाही. त्यात वाईट काही नाही, खेळ देखणा आहे. पण साधन स्वतःच साध्य कसं होतं ते इथे दिसतं. जिमचं तेच होतंय. फरक इतकाच, की मल्लखांबपटूला माहीत आहे की तो मल्लखांब खेळतोय. जिममधल्या पैलवानाला अजून वाटतंय, की तो कुस्तीच करतोय.

तालमीची मेहनतही याच नजरेने पाहावी. फावड्याने हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणणं हा माझ्या मते तालमीतला सगळ्यात हुशार व्यायाम. कमरेतून वाकलेलं अंग, हातात पकड, ओली जड माती, आणि जोर पायातून कमरेत, कमरेतून हातात. शिवाय हे सगळं लढतीच्या आधी, त्याच सकाळी, त्याच वस्तादाच्या नजरेखाली. दोन गोष्टींमध्ये भिंत नव्हतीच. पण हजार बैठकांच्या पोथीवर मी डोळे झाकून हात जोडणार नाही. हजार बैठका त्या काळाच्या निकाली, म्हणजे एकजण चीत होईपर्यंत चालणाऱ्या, कुस्तीला शोभत होत्या. तिला वेळेची मर्यादा नव्हती, पैलवान तासतास झुंजत. मॅटवरची आजची फ्रीस्टाइल तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. गुण मिळतो झटक्याला. लढतीचं घड्याळ बदललं आणि मेहनतीचं तसंच राहिलं, तर दोष परंपरेचा नाही, आपल्या आळसाचा आहे. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा जाधव गेले तेव्हा मातीत घडलेल्या त्यांच्या अंगाला मॅट नवी होती. सहावे आले. पुढची चार वर्षं मॅट डोळ्यापुढे ठेवून घासली आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं. ताकद तर त्यांच्याकडे आधीही होती.

आता सार्वजनिक पैशाकडे येतो. आपल्या राज्यात व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे, क्रीडांगण विकासाची वेगळी आहे, शिवाय नगरपालिका आणि ग्रामपंचायती आपापल्या परीने बागांमध्ये ओपन जिम बसवतात. हेतू चांगला आहे. पण पैसा जातो लोखंडात. लोखंडाचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते, पाटीवर नाव येतं. ओपन जिमच्या बहुतेक यंत्रांवर भार म्हणजे स्वतःचंच वजन, तो हवा तसा वाढवता येत नाही. आजी-आजोबांना ते उत्तम, खेळाडूला त्याचा उपयोग पहिल्या दोन महिन्यांपुरता. आणि बंद व्यायामशाळांमध्ये आधी येतात बसून करायच्या मशिनी. पाय पुढे सरळ करायचं मशीन, छाती मिटायचं मशीन. खेळाडू बसून खेळत नाही. त्या पैशात दोन बार, भरपूर प्लेटा, एक मजबूत रॅक, वेगवेगळ्या वजनांचे गोळे, एक लांब दोर आणि फीतपट्टी येऊन वर एका प्रशिक्षकाचं वर्षाचं मानधन निघू शकेल. पण मानधनाचं उद्घाटन कसं करणार?

म्हणून माझी मागणी लोखंडाविषयी कमी आणि वहीविषयी जास्त आहे. ज्या संस्थेला खेळाडूंच्या नावाने सरकारी पैसा मिळतो, तिने प्रत्येक खेळाडूची एक वही ठेवावी. एका बाजूला बारवरचं वजन आणि देहभार, दुसऱ्या बाजूला खेळाचा आकडा : जागेवरून लांब उडी, 30 मीटरची वेळ, गोळ्याचं अंतर, कबड्डीत पकड झाल्यावर किती वेळा सुटून रेषा गाठली. दर महिन्याला. डावीकडचा आकडा सलग तीन महिने वाढला आणि उजवीकडचा हलला नाही, तर जिमचा कार्यक्रम बदलायचा अधिकार मैदानावरच्या प्रशिक्षकाला असावा. ट्रेनरने त्याचं ऐकावं.

यावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. वस्तादांना बार कुठे कळतो? चुकीच्या पद्धतीने डेडलिफ्ट करून घेतली तर पोराची कंबर जायची. ताकदीचं प्रशिक्षण हे स्वतंत्र शास्त्र आहे, त्याचा जाणकार वेगळाच हवा. मान्य. बार कसा धरायचा, पाठ कशी ठेवायची, किती दिवसांनी किती वाढवायचं, हे जाणकारानेच सांगावं. मी ‘चावी’ म्हणतो ती या ज्ञानाची नाही, निर्णयाची. मोठ्या संघांमध्येही ताकदीचा प्रशिक्षक वेगळाच असतो, पण तो मुख्य प्रशिक्षकाच्या टेबलावर बसतो आणि या आठवड्यात पोरांच्या पायात किती जोर शिल्लक ठेवायचा ते तिथे ठरतं. आपल्याकडे टेबलच नाही. सकाळी वस्तादाने पाय मोडेस्तोवर लढवलेलं पोर संध्याकाळी ट्रेनरकडे ‘लेग डे’ला हजर होतं, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या हजेरीची कल्पना नसते. वस्तादांनीही थोडं शिकावं लागेल, थोडा अहंकार खाली ठेवावा लागेल. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य महिन्यातून एकदाच वापरायचं ठरवलं, तरी पुष्कळ होईल.

त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. आम्ही स्क्वॉट आठवड्यातून दोनदाच ठेवला, वजन उतरवलं आणि तीन-तीन रेप्सचे झटकेदार सेट केले. बाकी वेळ पाच-सहा किलोचे गोळे, मागे डोक्यावरून फेक, जागेवरच्या उड्या. दोन महिन्यांत गोळा पाऊण मीटर पुढे गेला. श्रेय यातल्या नुसत्या सरावालाही जाईल, मी त्यावर वाद घालणार नाही. 1600 मीटर मात्र सुधारायला वेळ लागला, कारण चढलेले सहा किलो लगेच उतरत नाहीत. जिमच्या सरांना मी फळ्यावर चौथा रकाना आखायला सांगितला, गोळ्याचा. त्यांनी आखला. महिनाभर तो रिकामाच होता, कारण फीतपट्टी मैदानाच्या खोलीत होती आणि त्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे.